बाजूरेषेवरचा जर्मन : पिएर लिटबार्स्कीविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकातील फुटबॉल विश्वचषकाच्या इतिहासावरील लेखात पिएर लिटबार्स्की या जर्मन विंगरचे (मैदानाच्या कडेने आक्रमण करणाऱ्या खेळाडूचे) नाव एका ओळीत येऊन गेले. त्या एका ओळीवर आलेल्या पत्रांची संख्या पाहता, यावेळचे प्रश्नोत्तरांचे सदर पूर्णपणे त्याच्याच कारकिर्दीला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (पुणे) : जर्मन फुटबॉल म्हटले की बेकेनबाउर, गेर्ड म्युलर, माथेउस ही नावे आठवतात. यांपैकी एकही विंगर नव्हता. मग लिटबार्स्कीला एवढे महत्त्व का द्यावे? त्याच्या कारकिर्दीची ओळखही करून द्यावी.

उत्तर : जर्मनीला मोठे विंगर लाभलेच नाहीत, असा आपल्या प्रश्नाचा रोख दिसतो, तो बरोबर नाही. १९५४ च्या बर्न येथील अंतिम सामन्यात हंगेरीविरुद्ध ३-२ असा विजय मिळवताना बरोबरीचा आणि विजयाचा असे दोन्ही गोल हेल्मुट रान या उजव्या विंगरने केले होते. १९७४ च्या विश्वविजेत्या संघात युर्गेन ग्राबोव्स्की होता. जर्मन संघाच्या शिस्तीविषयी आणि दमसासाविषयी इतके लिहिले गेले आहे, की बाजूरेषेजवळ चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याला एकट्याने चकवणाऱ्या या खेळाडूंची परंपरा झाकोळून गेली. लिटबार्स्की त्याच परंपरेतला आहे, आणि माझ्या मते त्याचे महत्त्व केवळ त्याच्या कौशल्यात नाही. त्याच्या डोळ्यांदेखत जर्मन संघाच्या रचनेतून विंगरची जागाच नाहीशी झाली आणि तरीही तो त्या संघात टिकला, एवढेच नव्हे तर त्याच विंगरच्या कसबाच्या बळावर विश्वविजेता झाला.

त्याचा जन्म १६ एप्रिल १९६० रोजी पश्चिम बर्लिनमध्ये झाला. तेथील स्थानिक क्लबांच्या कुमार संघांतून खेळल्यावर १९७८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो १. एफसी कोलोन या बुंडेसलिगातील (जर्मनीच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमधील) क्लबमध्ये दाखल झाला. १९८६-८७ चा एक हंगाम पॅरिसमधील रेसिंग क्लबकडून खेळल्याचा अपवाद सोडला, तर १९९३ पर्यंत तो कोलोनचाच राहिला. बुंडेसलिगात त्याने ४०६ सामन्यांत ११६ गोल केले. पश्चिम जर्मनीसाठी ७३ सामन्यांत १८. ऑक्टोबर १९८१ मध्ये व्हिएन्ना येथे ऑस्ट्रियाविरुद्ध तो पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि त्या ३-१ अशा विजयात त्याने दोन गोल केले. त्यानंतर १९८२, १९८६ आणि १९९० अशा तीन विश्वचषकांच्या संघांत तो होता. या तिन्ही स्पर्धांत पश्चिम जर्मनीने अंतिम फेरी गाठली.

उंची १६८ सेंटिमीटर आणि गुडघ्यांपासून बाहेर वाकलेले पाय, अशी त्याची शरीरयष्टी होती. जर्मनीत त्या पायांवर पुष्कळ विनोद झाले, परंतु त्या बुटक्या बांध्यामुळेच त्याचा तोल जमिनीलगत राहत असे आणि दिशा बदलताना त्याला एखादे पाऊलही वाया घालवावे लागत नसे. वेगाच्या जोरावर बचावपटूला मागे टाकणारे विंगर पुष्कळ असतात. लिटबार्स्कीची रीत निराळी होती. चेंडू मिळाल्यावर तो पुष्कळदा वेग कमी करी, कधी जवळजवळ थांबेच, आणि समोरच्या बचावपटूला हालचाल करणे भाग पाडी. कबड्डीत कसलेला चढाईपटू जसा प्रतिस्पर्ध्याच्या पायावर भार कधी पडतो याची वाट पाहत मध्यरेषेपलीकडे रेंगाळतो, तसेच काहीसे हे होते. खांदा एका बाजूला झुके, बचावपटूचा भार त्या बाजूच्या पायावर जाई, आणि नेमक्या त्याच क्षणी चेंडू दुसऱ्या बाजूने निघून गेलेला असे. ही हुलकावणी सर्वांना ठाऊक होती, तरीही बचावपटू तिला फसत राहिले. त्याचे कारण असे, की बचावपटू जागचा हलला नाही तर लिटबार्स्की सरळ आतल्या बाजूला वळून गोलकडे फटका मारू शके. दोन्ही वाटा खुल्या ठेवणे हेच त्याचे खरे सामर्थ्य होते.

प्रश्न (नाशिक व ठाणे) : १९८२ च्या विश्वचषकातील फ्रान्सविरुद्धचा उपान्त्य सामना अनेक जण आजवरचा सर्वोत्तम सामना मानतात. त्यात लिटबार्स्कीचा वाटा किती होता?

उत्तर : या सामन्याविषयी लिहिताना बहुतेक लेखक फ्रान्सचे प्लॅटिनी आणि बातिस्तों व जर्मन गोलरक्षक शूमाखर या तिघांभोवतीच थांबतात. ते समजण्यासारखे आहे. पण जर्मनीचे त्या रात्रीचे तीनही गोल एकामागोमाग एक पाहिले, तर प्रत्येक ठिकाणी लिटबार्स्कीच आढळतो.

सामना ८ जुलै १९८२ रोजी सेव्हिल येथे झाला. त्याआधीची जर्मन संघाची वाटचाल अभिमान वाटावा अशी मुळीच नव्हती. पहिल्याच सामन्यात अल्जीरियाने त्यांना २-१ असे हरवले होते. नंतर हिहोन येथे ऑस्ट्रियाविरुद्ध लवकर एक गोल झाल्यावर, १-० हा निकाल दोन्ही संघांना पुढे नेण्यास पुरेसा असल्याने, उरलेला वेळ दोघांनी चेंडू इकडून तिकडे ढकलण्यात घालवला आणि अल्जीरिया स्पर्धेबाहेर फेकला गेला. त्या लाजिरवाण्या सामन्यात लिटबार्स्कीही मैदानावर होता. माझ्या दृष्टीने तो डाग त्या संघातील प्रत्येकावर आहे, त्याच्यावरही. केवळ तो वयाने लहान होता म्हणून त्याला त्यातून वगळता येणार नाही. पुढच्या फेरीत माद्रिदमध्ये यजमान स्पेनला २-१ असे हरवून जर्मनी उपान्त्य फेरीत आली. त्यातील पहिला गोल लिटबार्स्कीचा होता.

सेव्हिलमध्ये सतराव्या मिनिटाला क्लाउस फिशर गोलरक्षक एत्तोरीवर धडकला आणि सुटलेला चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या कडेला लिटबार्स्कीकडे आला. समोर गर्दी होती. त्याने चेंडू उचलण्याच्या भानगडीत न पडता त्या गर्दीतून तो जमिनीलगत जाळ्यात मारला. दहाएक मिनिटांतच प्लॅटिनीने पेनल्टीवर बरोबरी साधली. उत्तरार्धात गोलरक्षक शूमाखरने बातिस्तोंला हवेत दिलेली भीषण धडक, त्यात बातिस्तोंचे पडलेले दात आणि साधा फाउलही न देणारा पंच, हे सर्व सुपरिचित आहे. फ्रेंच प्रेक्षकांचा त्या रात्रीचा संताप आजही रास्तच वाटतो.

जादा वेळेच्या पहिल्या आठ मिनिटांतच त्रेझोर आणि जिरेस यांनी गोल करून फ्रान्सला ३-१ अशी आघाडी मिळवून दिली. विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात, जादा वेळेत, दोन गोलांनी मागे पडलेला संघ सहसा मोडतो. दुखापतीमुळे बाकावर बसवलेला कर्णधार रुमेनिगं तेव्हा नुकताच मैदानात आला होता. लिटबार्स्की डाव्या बाजूला सरकला. त्याने तेथून दिलेल्या क्रॉसवर (कडेवरून गोलसमोर टाकलेल्या चेंडूवर) रुमेनिगंने गोलजवळ पुढे झेपावत चेंडू जाळ्यात वळवला, ३-२. थोड्याच वेळाने त्याच बाजूने त्याचा आणखी एक उंच क्रॉस दूरच्या खांबाकडे गेला, ह्रुबेशने तो डोक्याने परत आत ढकलला आणि फिशरने पाठीवर पडत मारलेल्या कात्रीच्या किकने ३-३ अशी बरोबरी झाली. फिशरचा तो गोल अनेक दशके दाखवला जात आहे. तो दाखवताना चित्रफीत बहुधा ह्रुबेशच्या हेडरपासून सुरू करतात, याची मला नेहमी खंत वाटते, कारण खरे काम त्याआधीच झालेले असते. एकशेवीस मिनिटे चाललेल्या त्या उकाड्यातल्या खेळात, जादा वेळेत पाय जड झाले असताना, बाजूरेषेवरून मोजूनमापून चेंडू टाकणारा माणूस जर्मनीजवळ होता आणि फ्रान्सकडे त्या क्षणी त्याला अडवणारा कोणी उरला नव्हता.

विश्वचषकाच्या इतिहासातील पहिला पेनल्टी शूटआऊट (बरोबरीनंतर पेनल्टी फटक्यांनी लावला जाणारा निकाल) त्या रात्री झाला. स्टीलिकंचा फटका एत्तोरीने अडवला तेव्हा स्टीलिकं मैदानावरच कोसळला, आणि त्याला उठवून धीर देणारा लिटबार्स्की होता. लगेच फ्रान्सच्या सीसची पेनल्टी शूमाखरने अडवली, आणि पुढचा जर्मन फटका लिटबार्स्कीचाच होता. त्याने तो जाळ्यात मारला. अखेर बोसीचा फटका अडवला गेल्यावर ह्रुबेशने निर्णायक गोल केला आणि जर्मनी ५-४ अशी पुढे गेली. तीनच दिवसांनी माद्रिदच्या अंतिम सामन्यात थकलेल्या जर्मन संघाला इटलीने ३-१ असे हरवले. लिटबार्स्की त्या सामन्यातही सुरुवातीपासून खेळला, पण सेव्हिलची धाव पायांत उरलेली नव्हती.

प्रश्न (नागपूर) : माझे वडील १९९० च्या विश्वचषकाच्या आठवणी सांगताना म्हणतात, की त्या जर्मन संघात विंगर नव्हतेच. मग लिटबार्स्की अंतिम सामन्यात कोणत्या जागी खेळला?

उत्तर : आपल्या वडिलांचे निरीक्षण अचूक आहे. १९८० च्या दशकात युरोपातील अनेक प्रशिक्षकांनी दोन्ही विंगर काढून टाकले. मागे तीन बचावपटू, मध्ये पाच आणि पुढे दोन आघाडीवीर अशी रचना रूढ झाली आणि मैदानाची रुंदी वापरण्याचे काम बाजूच्या बचावपटूंकडे गेले. फ्रांत्स बेकेनबाउरच्या १९९० च्या संघात ऑगेनथालर सर्वांत मागे मोकळा, कोलर आणि बुखवाल्ड हे माणसाला माणूस धरून राहणारे, आणि कडेने वर-खाली धावणारे डावीकडे ब्रेमं, उजवीकडे बेर्टोल्ड. पुढे फ्योलर आणि क्लिन्समान. अशा रचनेत विंगरने उभे राहावे तरी कोठे?

१९८६ मध्ये मेक्सिकोत या प्रश्नाचे उत्तर लिटबार्स्कीच्या दृष्टीने निराशाजनक होते. तो प्रामुख्याने बदली खेळाडू म्हणून वापरला गेला. उपान्त्यपूर्व फेरीत यजमान मेक्सिकोविरुद्धच्या शूटआऊटमध्ये शेवटची पेनल्टी मारून त्याने संघाला पुढे नेले खरे, पण अर्जेंटिनाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याला मैदानावर पाऊल ठेवता आले नाही.

पुढील चार वर्षांत त्याने स्वतःला बदलले. तो कडेवरून आत सरकला आणि आघाडीच्या जोडीच्या मागे, माथेउसच्या पुढ्यात, मोकळेपणी फिरणारा मध्यरक्षक झाला. हुलकावणी तीच राहिली. फक्त ती आता बाजूरेषेऐवजी गोलसमोरच्या अरुंद जागेत होऊ लागली, जेथे एक माणूस चुकवला की थेट गोल दिसतो. तरीही १९९० मध्ये त्याची जागा पक्की नव्हती. हेसलर, टोन, बाइन, म्योलर अशी तरुण मंडळी त्याच जागेसाठी रांगेत होती. कोलंबियाविरुद्ध बदली म्हणून आल्यावर अखेरच्या क्षणांत त्याने गोल केला (कोलंबियाने तो भरपाईच्या वेळेत फेडला). नेदरलँड्स आणि चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध तो सुरुवातीपासून खेळला, इंग्लंडविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात मात्र बाहेर बसला, आणि ८ जुलै १९९० रोजी रोममधील अंतिम सामन्यासाठी बेकेनबाउरने पुन्हा त्याचीच निवड केली. अर्जेंटिनाने त्या दिवशी गोलपुढे भिंतच उभी केली होती, त्यामुळे अरुंद जागेत माणूस चुकवू शकणारे खेळाडू हवे होते आणि म्हणून लिटबार्स्की आणि हेसलर असे दोन्ही ठेंगणे कसबी खेळाडू एकाच वेळी मैदानावर होते. सामना रटाळ झाला, यात वाद नाही. ८५ व्या मिनिटाला ब्रेमंच्या पेनल्टीने निकाल १-० असा लागला. परंतु दोन अंतिम सामने हरलेल्या संघांत राहिलेल्या तिशीतल्या त्या खेळाडूच्या हाती अखेर चषक आला. देशासाठी त्याचा हा ७३ वा आणि शेवटचा सामना ठरला.

प्रश्न (मुंबई) : विश्वविजेता असूनही लिटबार्स्कीला जर्मन लीगचे विजेतेपद कधीच मिळाले नाही, हे खरे आहे काय?

उत्तर : होय. कोलोनने बुंडेसलिगा आणि जर्मन चषक हे दोन्ही १९७८ मध्ये जिंकले, आणि लिटबार्स्की त्यानंतरच्या उन्हाळ्यात तेथे आला. १९८२, १९८९ आणि १९९० मध्ये कोलोन दुसऱ्या क्रमांकावर राहिला. १९८६ मध्ये यूएफा चषक या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत रेआल माद्रिदने पहिल्या सामन्यात ५-१ असे झोडपले; परतीचा सामना प्रेक्षकांच्या गैरवर्तनाबद्दलच्या शिक्षेमुळे कोलोनऐवजी बर्लिनमध्ये खेळावा लागला आणि तेथील २-० हा विजय अपुरा पडला. त्यानंतर तो पॅरिसला गेला. उद्योगपती लागार्देर यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या त्या रेसिंग क्लबमध्ये फ्रान्सेस्कोलीसारखे मोठे खेळाडू होते, पण संघ म्हणून तो कधी जुळला नाही. वर्षभरात लिटबार्स्की कोलोनला परतला.

क्लबकडून त्याला मिळालेले एकमेव मोठे पदक १९८३ च्या जर्मन चषकाचे. त्या अंतिम सामन्यात कोलोनसमोर त्याच शहरातील, दुसऱ्या श्रेणीत खेळणारा फोर्टुना कोलोन हा संघ होता. एकाच शहराच्या दोन क्लबांमध्ये जर्मन चषकाचा अंतिम सामना झाल्याचे ते एकमेव उदाहरण आहे. सामना त्याच शहरातील म्युंगर्सडॉर्फ मैदानावर झाला, दुबळ्या फोर्टुनाने बलाढ्य शेजाऱ्याला घाम फोडला आणि १-० या निकालातील एकमेव गोल लिटबार्स्कीने केला. त्यानंतर कोलोनला हा चषक पुन्हा जिंकता आलेला नाही.

प्रश्न (पणजी) : कारकिर्दीच्या शेवटी तो जपानला गेला, तो केवळ पैशासाठी असे म्हणतात. आपले मत काय?

उत्तर : १९९३ मध्ये सुरू झालेल्या जे-लीगमध्ये, म्हणजे जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये, मोठे मानधन होते, हे नाकारण्याचे कारण नाही. झिको, लिनेकर असे नामवंत तेथे गेले होते. परंतु लिटबार्स्कीच्या बाबतीत हा आरोप मला मान्य नाही, कारण पैसा संपल्यावरही तो जपानला धरून राहिला.

त्याचे जपानशी नाते कोलोनमध्येच जुळले असणार. बुंडेसलिगात खेळलेला पहिला जपानी खेळाडू यासुहिको ओकुदेरा १९७७ ते १९८० या काळात कोलोनमध्ये होता आणि लिटबार्स्कीची पहिली दोन वर्षे त्याच्याच सोबत गेली. ओकुदेरा ज्या फुरुकावा कंपनीच्या संघातून जर्मनीत आला होता, तोच संघ पुढे जेफ युनायटेड इचिहारा या नावाने जे-लीगमध्ये उतरला, आणि लिटबार्स्की तेथेच गेला. पहिल्याच हंगामात लीगच्या सर्वोत्तम अकरा खेळाडूंत त्याची निवड झाली. पुढे तो सेंदाईच्या क्लबकडून, म्हणजे तेव्हा जे-लीगमध्ये नसलेल्या संघाकडून, १९९७ पर्यंत खेळला.

त्यानंतरचा प्रसंग मला त्याच्या पदकांइतकाच मोलाचा वाटतो. १९९८ च्या अखेरीस योकोहामा फ्ल्युगेल्स हा क्लब प्रायोजकांच्या आर्थिक अडचणींमुळे शेजारच्या मारिनोस क्लबमध्ये विलीन करण्याचे ठरले. चाहत्यांनी ते स्वीकारले नाही. १ जानेवारी १९९९ रोजी फ्ल्युगेल्सने आपला शेवटचा सामना खेळताना जपानचा सम्राट चषक जिंकला आणि क्लब संपला. चाहत्यांनी पैसे गोळा करून योकोहामा एफसी हा नवा क्लब उभा केला. ओकुदेरा त्याच्या कारभारात होता आणि पहिला प्रशिक्षक म्हणून लिटबार्स्की आला. विश्वविजेत्या खेळाडूने तिसऱ्या श्रेणीतील, लोकवर्गणीतून जन्मलेल्या संघाची धुरा घेतली. त्या संघाने १९९९ आणि २००० अशी दोन्ही वर्षे त्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले आणि २००१ पासून तो दुसऱ्या श्रेणीत गेला. केवळ पैशासाठी आलेला माणूस एवढे करीत नाही.

प्रशिक्षक म्हणून त्याची पुढील वाटचाल संमिश्र होती. जर्मनीत डुइसबुर्ग येथे यश आले नाही. ऑस्ट्रेलियात मात्र सिडनी एफसीने २००५-०६ मध्ये नव्या ए-लीगचे पहिलेच विजेतेपद त्याच्या मार्गदर्शनाखाली मिळवले. डिसेंबर २००५ मध्ये जपानमध्ये झालेल्या क्लब विश्वचषकासाठी त्याने काझुयोशी मिउरा या जपानी आघाडीवीराला त्या संघात पाहुणा खेळाडू म्हणून घेतले होते. फुकुओका, तेहरान, वाडुझ असा प्रवास करून २०१० मध्ये तो वोल्फ्सबुर्गला आला. तेथे साहाय्यक, २०११ मध्ये काही आठवडे हंगामी मुख्य प्रशिक्षक आणि नंतर नव्या खेळाडूंच्या शोधाचे काम, अशा जबाबदाऱ्या त्याने सांभाळल्या.

प्रश्न (कोल्हापूर) : माझा मुलगा पेठेच्या संघात उजव्या कडेला खेळतो. लिटबार्स्कीच्या खेळातून त्याने नेमके काय शिकावे?

उत्तर : कोल्हापुरात फुटबॉल पाहणाऱ्यांना सल्ला देण्यास संकोच वाटतो, पण आपण विचारले आहे म्हणून सांगतो. त्याने सेव्हिलच्या सामन्याची केवळ जादा वेळेची तीस मिनिटे पाहावीत आणि चेंडूकडे लक्ष न देता लिटबार्स्की कोठे उभा आहे एवढेच पाहावे. आघाडीवीर गोलजवळ पोहोचेपर्यंत तो चेंडू सोडत नाही, आणि ते पोहोचल्यावर एक क्षणही धरून ठेवत नाही. सरावात मुलाने उभ्या खुणांभोवती चेंडू फिरवण्यापेक्षा समोर खरा बचावपटू घ्यावा, चेंडू पायाजवळ ठेवून आधी वेग कमी करावा, समोरच्याचा भार कोणत्या पायावर आहे ते पाहावे आणि मगच निघावे. कमकुवत पायाने क्रॉस देण्याचा सराव रोज वेगळा करावा; डाव्या बाजूला सरकूनही चेंडू टाकता आला नसता, तर लिटबार्स्कीचा त्या रात्री संघाला निम्माच उपयोग झाला असता.